क्रोमची रिम घरी रंगवताना: तयारी, कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

क्रोमच्या रिमवर घरी मारलेला रंग वर्षभरही टिकत नाही आणि पापुद्र्यांनी सुटून येतो, ही तक्रार इंदुरात नेहमी ऐकू येते. राजेंद्रनगर असो वा लोकमान्यनगर, प्रकार सगळीकडे सारखाच असतो. दिवाळीपूर्वी गाडी नवी दिसावी म्हणून रविवारी सकाळी रिम पुसली जाते, दुपारी स्प्रे कॅन रिकामा होतो आणि संध्याकाळी गाडी रस्त्यावर येते. पुढे रंग निघाला की दोष रंगाला दिला जातो. प्रत्यक्षात रंग बहुधा ठीक असतो. तो ज्यावर बसायचा तो पृष्ठभागच तयार झालेला नसतो. क्रोमचा थर अतिशय गुळगुळीत असतो आणि रासायनिक दृष्ट्या तो सहजासहजी कशाशीही संयोग पावत नाही, त्यामुळे रंगाला धरायला तिथे काहीच मिळत नाही. म्हणूनच या कामाचा बहुतेक वेळ घासण्यात आणि धुण्यात जातो, आणि तो तसाच जाऊ द्यावा.

चारही चाके एकदम काढण्याची घाई करू नये. पूर्ण आकाराची स्टेपनी असेल तर ती लावून एकेक चाक करावे. एका चाकाला वाळण्याचा वेळ धरून नऊ-दहा दिवस लागतात. स्टेपनी लहान, तात्पुरत्या वापराची असेल, तर तिच्यावर इतके दिवस गाडी चालवू नये. गाडी उभी ठेवता येईल तेव्हाच काम काढावे.

आधी हे ठरवा: रिम खरोखर क्रोमची आहे का?

चकाकणारी प्रत्येक रिम क्रोमची नसते. बोटाच्या नखाने टकटक करून पाहावे. पोकळ, बोथट आवाज आला तर ते प्लास्टिकचे व्हीलकव्हर किंवा रिमवर चिकटवलेले प्लास्टिकचे आवरण आहे, आणि त्याला प्लास्टिकचा प्रायमर (रंगाखाली पकडीसाठी द्यायचा थर) लागतो. खालील पद्धत त्याला लागू नाही. आवाज धातूचा असेल तर चुंबक लावावे. चिकटले तर पोलादी रिम, एरवी बहुधा अॅल्युमिनियमची अलॉय. अलॉयच्या कडेला दुधाळ, पिवळसर पापुद्रा उठलेला दिसत असेल आणि त्याखाली राखाडी धातू असेल, तर ती पॉलिश करून वर पारदर्शक लॅकर मारलेली रिम आहे. तिथे तो लॅकर संपूर्ण काढावा लागतो, पण बाकीचा क्रम हाच राहतो.

यानंतर रिम आतून आणि बाहेरून उजेडात नीट पाहावी. आऱ्यांच्या मुळाशी किंवा नटांच्या भोकांभोवती बारीक तडा असेल, अथवा कड वाकलेली असेल, तर ती रिम रंगवू नये. रंगाखाली तडा दिसेनासा होतो आणि धोका तसाच राहतो. क्रोमचा मोठा भाग फुगलेला किंवा सुटलेला असेल तर माझे स्पष्ट मत असे, की हाताने घासण्याचा हट्ट सोडून प्लेटिंग करणाऱ्या कारखान्यातून जुना थर उतरवून आणावा आणि मगच घरी रंगाचे काम करावे.

सावधान: क्रोम उतरवण्यासाठी घरी बाथरूमचे अॅसिड, कॉस्टिक सोडा किंवा बॅटरी चार्जर लावून केलेले प्रयोग पूर्णपणे वर्ज्य समजावेत. अॅसिडची वाफ फुप्फुसांना इजा करते. अॅसिड आणि कॉस्टिक दोन्ही अॅल्युमिनियम खातात. आणि वीज सोडून क्रोम उतरवताना तयार होणारी क्रोमियमची संयुगे कर्करोगकारक असतात.

हंगाम, जागा आणि सामान

इंदुरात या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. दव उडून गेल्यावर, साधारण सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत रंग मारावा. पावसाळ्यात हवेतील दमटपणामुळे लॅकर पांढुरके पडते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा रंग रिमवर पोहोचण्यापूर्वीच हवेत अर्धा वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. माळव्यातील काळ्या मातीची बारीक धूळ वाऱ्याबरोबर कुठेही पोहोचते, म्हणून तीन बाजूंनी आडोसा असलेली पण हवा खेळती राहणारी पोर्चसारखी जागा निवडावी आणि रंग मारण्याच्या अर्धा तास आधी फरशीवर पाणी शिंपडावे. जवळपास गॅस गीझर, पेटता दिवा किंवा उदबत्ती नसावी.

सामान आधीच गोळा करून ठेवावे, कारण मध्येच सियागंजच्या बाजारात धाव घ्यावी लागली की तयार केलेला धातू उघडा पडून राहतो. १८०, ३२०, ४०० आणि ६०० नंबरचे वॉटर पेपर (पाणी लावून घासायचे कागद; नंबर मोठा तितका कागद बारीक), कोपऱ्यांसाठी लाल किंवा राखाडी घासणी, पितळी तारांचा ब्रश, भांडी घासण्याचा साबण, रंगाच्या दुकानात मिळणारे ग्रीस व मेण काढण्याचे द्रावण किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोरे न सोडणारी सुती फडकी, चांगल्या प्रतीचा मास्किंग टेप, नायट्राइलचे हातमोजे, बंद चष्मा आणि सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज असलेला मास्क. कापडी किंवा साधा धुळीचा मास्क रंगाच्या वाफा अडवत नाही.

रंगाच्या बाबतीत एकच नियम पाळावा: प्रायमर, रंग आणि क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) शक्यतो एकाच कंपनीचे व एकाच जातीचे घ्यावेत. सिंथेटिक इनॅमलवर लॅकर जातीचा रंग मारला की खालचा थर फुगतो आणि सुरकुत्या पडतात. मग सगळे खरवडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

टप्पा १: चाक उतरवणे

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, उलट बाजूच्या चाकाला ओट (दगड किंवा लाकडी ठोकळा) लावून उभी करावी. नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत, मग जॅक लावावा आणि गाडीखाली स्टँड ठेवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडी सोडू नये.

टायर उतरवूनच रंगवणे उत्तम. हे काम टायरवाल्याकडून करून घ्यावे आणि बॅलन्सिंगची वजने काढून टाकण्यास सांगावे, कारण शेवटी बॅलन्सिंग नव्याने करायचेच आहे. टायर उतरवणे शक्य नसेल तर हवा पूर्ण सोडून टायरची कड खाली दाबावी आणि टायर व रिम यांच्या फटीत जुनी व्हिजिटिंग कार्डे एकावर एक चढवून सगळीकडून खोचावीत. हा पर्याय चालतो, पण रिमच्या काठाशी, जिथून रंग सुटायला सुरुवात होते नेमक्या त्याच ठिकाणी, घासणे कमी पडते.

टप्पा २: धुणे आणि तेलकटपणा काढणे

हा टप्पा घासण्याच्या आधीचा आहे. बहुतेक लोक आधी घासतात आणि मग धुतात. त्यामुळे ब्रेकची धूळ, डांबर, टायर पॉलिशमधील सिलिकोन आणि ग्रीस कागदाने पडलेल्या ओरखड्यांत घोळले जाते आणि नंतर कितीही पुसले तरी पुरते निघत नाही.

आधी साध्या पाण्याने सुटी माती उडवावी. मग साबणाच्या कोमट पाण्याने, ब्रश आऱ्यांच्या मागच्या बाजूपर्यंत नेऊन, रिम दोनदा धुवावी. डांबराचे ठिपके रॉकेलने भिजवलेल्या फडक्याने मऊ करून काढावेत आणि ती जागा पुन्हा साबणाने धुवावी, कारण रॉकेलही मागे तेलकट थर ठेवते. रिम कोरडी झाल्यावर ग्रीस काढण्याचे द्रावण एका फडक्याने लावावे आणि ते ओले असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. एकाच फडक्याने लावणे आणि पुसणे म्हणजे तोच मळ दुसरीकडे पसरवणे.

तपासणी: पांढरे कोरडे फडके आऱ्यांच्या आतल्या कडेवरून फिरवावे. त्यावर काळसर डाग आला तर हा टप्पा पुन्हा करावा.

टप्पा ३: सुटलेले क्रोम शोधून काढणे

संपूर्ण कामातील सर्वांत जास्त दुर्लक्षिला जाणारा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा टप्पा हा आहे. प्लेटिंगमध्ये वरचा क्रोमचा थर मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) अंशाइतका पातळ असतो. त्याखाली त्याहून पुष्कळ जाड निकेल आणि अनेकदा त्याही खाली तांबे असते. वरून सूक्ष्म भेग पडली की ओलावा खाली शिरतो, अलॉयमध्ये पांढरी भुकटी आणि पोलादात तांबूस गंज तयार होतो आणि तो प्लेटिंगला खालून उचलत पुढे सरकतो. म्हणजे डोळ्यांना दिसणारा फोड हा नुकसानीचा मधला भाग असतो. त्याची खरी हद्द फोडाच्या बाहेर असते.

म्हणून फोडाच्या मध्यापासून सुरुवात करून पातळ पटाशीने किंवा जुन्या, मजबूत पात्याच्या सुरीने कडा उचलत बाहेरच्या दिशेने जावे. जिथे पाते आत शिरते तिथवर क्रोम सुटलेले आहे, आणि ते काढलेच पाहिजे, मग वरून ते कितीही लखलखीत दिसो. सुटलेल्या क्रोमच्या कडा काचेसारख्या धारदार असतात. जाड हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हे काम करू नये. पाते शिरेनासे झाले की थांबावे.

उघड्या पडलेल्या जागेवरील पांढरी भुकटी किंवा गंज तारेच्या ब्रशने आणि १८० नंबरच्या कागदाने चकचकीत धातू लागेपर्यंत काढावा. खड्ड्याच्या तळाशी राहिलेला काळा ठिपकाही गंजच असतो. बाजारात मिळणारे गंज काढण्याचे द्रावण वापरण्याचा मोह टाळलेला बरा: त्यातील फॉस्फोरिक आम्लाचा अंश राहिला तर वरचा इपॉक्सी प्रायमर नीट पक्का होत नाही.

यानंतर उरलेल्या क्रोमच्या कडा उतरत्या करायच्या. पाणी लावून १८० आणि मग ३२० नंबरच्या कागदाने, कडेच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतरापर्यंत घासत राहावे. काम बरोबर चालले असेल तर कडेजवळ रंगांचे पट्टे उमटू लागतात: बाहेर क्रोमचा निळसर पांढरा, मग निकेलचा किंचित पिवळट, कधी तांब्याची बारीक लाल रेघ आणि आत उघड्या धातूचा राखाडी. हे पट्टे जितके रुंद, तितका उतार चांगला.

तपासणी: डोळे मिटून बोटाचे टोक त्या पट्ट्यांवरून फिरवावे. पायरी जाणवली तर अजून घासायचे आहे. डोळ्यांना न दिसणारी पायरी बोटाला कळते, आणि चकचकीत रंग मारल्यावर ती सर्वांनाच दिसते.

टप्पा ४: सगळी चकाकी घालवणे

जे क्रोम घट्ट आहे ते ठेवायला हरकत नाही, पण त्याची चकाकी मात्र पूर्ण गेली पाहिजे. ३२० नंबरच्या कागदाने, भरपूर पाणी घेऊन, गोलाकार आणि आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी घासावे. मग ४०० ने सारखे करावे. आऱ्यांचे आतले कोपरे आणि नटांच्या खळग्यांच्या बाहेरच्या कडा कागदाने साधत नाहीत, तिथे घासणी वापरावी. क्रोम कठीण असल्याने कागद लवकर बोथट होतो; बोथट कागदाने घासत राहिल्यास पृष्ठभाग खरबरीत न होता उलट पॉलिश होतो, म्हणून कागद सढळ हाताने बदलावा.

सावधान: ग्राइंडर लावून कोरडे घासू नये. क्रोम आणि निकेलची धूळ श्वासावाटे जाणे घातक आहे, आणि निकेलमुळे अनेकांच्या त्वचेवर पुरळही उठतो. घासल्याचे पाणी गटारात सोडू नये. ते बादलीत साठवून गाळ खाली बसू द्यावा, कापडातून गाळावे आणि वाळलेला गाळ, वापरलेली फडकी व रिकामे स्प्रे कॅन नगर निगमच्या कचरा गाडीतील घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्यावेत. कॅनला भोक पाडू नये आणि तो जाळू नये.

टप्पा ५: शेवटची धुलाई आणि पाण्याची चाचणी

नळाच्या किंवा बोअरिंगच्या पाण्याने रिम धुवून झाल्यावर शेवटचे पाणी डिस्टिल्ड असावे. बॅटरीच्या दुकानात ते सहज मिळते. बोअरिंगचे पाणी वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग मागे राहतात. रंगाखाली राहिलेले हे क्षार ओलावा ओढतात आणि काही महिन्यांनी तिथेच फोड येतात. इंदुरातील बऱ्याच फोडांमागे हे साधे कारण असावे असे मला वाटते, आणि तरीही याकडे कोणी लक्ष देत नाही.

तपासणी: डिस्टिल्ड पाणी ओतल्यावर ते सगळ्या पृष्ठभागावर सलग, एकसारखे पसरले पाहिजे. एखाद्या ठिकाणी पाणी मागे सरून त्याचे थेंब झाले तर तिथे अजून तेलकटपणा किंवा चकाकी आहे. टप्पा २ आणि ४ त्या जागेपुरते पुन्हा करावेत. ही चाचणी उत्तीर्ण झाल्याखेरीज पुढे जाऊ नये.

नंतर रिम उन्हात दोन-तीन तास ठेवावी. आऱ्यांच्या फटीत व व्हॉल्व्हच्या भोकात पाणी दडून राहते, ते हवेच्या झोताने काढावे. येथून पुढे रिमला उघड्या हाताने स्पर्श करू नये.

टप्पा ६: जिथे रंग नको त्या जागा झाकणे

हा टप्पा दिसण्यासाठी नाही, तर जिवाच्या सुरक्षिततेसाठी आहे. नट ज्या उतरत्या खळग्यांत बसतात ते खळगे, रिमची हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसते त्याला) टेकणारी मागची बाजू, मधले भोक आणि टायरची कड जिथे बसते ती पट्टी, या चार ठिकाणी रंगाचा थर चढता कामा नये. नटाखाली रंग असला तर तो दाबाने आणि ब्रेकच्या उष्णतेने चेपला जातो, नटाची पकड सैल होते आणि चाक ढिले पडू शकते. खळग्यांत टेपचे गोल तुकडे किंवा बरोबर मापाची रबरी बुचे बसवावीत. कागदाचे बोळे कोंबू नयेत, ते मध्येच निसटतात. व्हॉल्व्ह जुना असेल तर काढून टाकून टायर चढवताना नवा घालावा.

टप्पा ७: प्रायमर

एच (etch) प्रायमर, म्हणजे धातू किंचित कोरून पकड घेणारा आम्लयुक्त प्रायमर, प्रत्येक धातूवर चालतो असा समज आहे. तो पोलाद व अॅल्युमिनियमशी रासायनिक क्रिया करून पकड घेतो. क्रोमवर ती क्रिया धड होत नाही. अर्धे क्रोम आणि अर्धा उघडा धातू असलेल्या रिमसाठी दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर घ्यावा. डब्यावरील प्रमाणातच हार्डनर (प्रायमर कडक करणारा दुसरा भाग) मिसळावा, सांगितला असेल तितका वेळ मिश्रण मुरू द्यावे आणि मिश्रण वापरण्याची डब्यावरील मुदत संपल्यावर उरलेला प्रायमर थिनर घालून वापरू नये. कॉम्प्रेसर व गन नसेल तर मऊ ब्रशने दोन पातळ हात देता येतात. ब्रशच्या रेघा नंतर घासून काढाव्या लागतात, एवढेच. हार्डनरमुळे त्वचेला अॅलर्जी होऊ शकते, म्हणून हातमोजे हवेतच.

शेवटच्या धुलाईनंतर त्याच दिवशी पहिला हात बसावा. दोन हातांमध्ये डब्यावर दिलेले अंतर ठेवावे आणि किमान एक पूर्ण दिवस वाळू द्यावे. लहान खरचटे असतील तर वाळलेल्या इपॉक्सीवर ३२० ने घासून पातळ लांबी (पुटी) भरता येते. मात्र रिमच्या बाहेरच्या कडेवर लांबी टिकत नाही. तिथले खरचटे धातूतच घासून सौम्य करावे.

तपासणी: रिमच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला पात्याने चौकटीसारख्या काही रेघा माराव्यात, त्यावर पॅकिंगची टेप घट्ट दाबावी आणि झटक्याने ओढावी. टेपबरोबर प्रायमर निघाला तर रंग मारू नये. आत्ता पुन्हा घासणे त्रासाचे आहे, पण रंग आणि क्लिअर झाल्यावर ते कितीतरी अधिक त्रासाचे ठरेल.

टप्पा ८: रंगाचे हात

प्रायमर ६०० नंबरच्या कागदाने पाणी लावून हलका घासावा, धुवावा, वाळवावा आणि द्रावणाने पुसावा. रंग चाकांसाठी बनवलेला असावा. सिंथेटिक इनॅमल मऊ राहते आणि ब्रेकची गरम धूळ त्यात रुतते. इंदुरातील धूळ पाहता मी काळ्यापेक्षा गनमेटल (गडद राखाडी) किंवा रुपेरी रंगाची शिफारस करीन.

कॅनमधील गोळीचा आवाज सुरू झाल्यावर पुढे दोन मिनिटे कॅन हलवावा. थंडीत कॅन हाताला सोसेल अशा कोमट पाण्यात पाच मिनिटे ठेवावा. आचेवर कधीही नाही. रिमपासून २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवून, फवारा रिमच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवावा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा.

क्रम असा: आधी नटांच्या खळग्यांच्या भोवतालच्या भिंती, मग आऱ्यांच्या बाजूच्या कडा, मग आतली गोलाई आणि सर्वांत शेवटी समोरचा भाग. समोरचा भाग आधी रंगवला तर कडा रंगवताना उडालेला अर्धवट वाळलेला रंग त्यावर बसून तो खरखरीत होतो. पहिला हात इतका हलका असावा, की प्रायमर खालून दिसत राहील. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने आणखी दोन ते तीन हात द्यावेत. एकाच जाड हातात झाकण्याची घाई केली की ओघळ येतात. ओघळ आलाच तर ओल्या रंगाला बोट लावू नये. पूर्ण वाळू द्यावा, ६०० ने सपाट करावा आणि तेवढ्या भागावर पुन्हा हात द्यावा.

टप्पा ९: क्लिअर

दोन भागांचे पॉलियुरेथेन क्लिअर सर्वांत टिकाऊ असते, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि फवाऱ्यातून ते श्वासात गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. कार्ट्रिजचा मास्क त्यासाठी पुरेसा समजू नये. हे क्लिअर हवे असेल तर रिम पेंट बूथ असलेल्या गॅरेजमध्ये न्यावी. घरी एका भागाचे, चाकांसाठीचे क्लिअर वापरावे आणि त्याचे तीन पातळ हात द्यावेत. शेवटचा हात दुपारी तीनपूर्वी व्हावा, म्हणजे गारवा उतरण्याआधी तो वाळतो. टेप क्लिअर किंचित ओलसर असतानाच, मागे दुमडून, सावकाश काढावा.

टप्पा १०: वाळू देणे आणि चाक बसवणे

हाताला कोरडा लागलेला रंग पक्का झालेला नसतो. टायर चढवण्यापूर्वी निदान आठवडाभर रिम सावलीत ठेवावी, हीट गनने एका जागी तापवू नये. टायरवाल्याला रिम नव्याने रंगवलेली असल्याचे आधी सांगावे, यंत्राच्या पकडींवर प्लास्टिकची टोपणे लावून घ्यावीत आणि बॅलन्सिंगसाठी काठावर ठोकायच्या वजनांऐवजी आतून चिकटणारी वजने वापरायला सांगावे. ठोकलेले वजन नव्या रंगाला पहिल्याच दिवशी चीर पाडते.

हबवरील गंज तारेच्या ब्रशने काढावा, नटांच्या खळग्यांत रंगाचा कण नाही हे बॅटरीच्या उजेडात पाहावे आणि नट हाताने फिरवून बसवावेत. मग समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने), गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापावर आवळावेत. लहान प्रवासी मोटारींत ते साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असते. ५० ते ८० किलोमीटर चालवल्यावर, चाक थंड असताना, सर्व नट त्याच मापावर पुन्हा तपासावेत. एखादा नट दुसऱ्यांदाही सैल आढळला तर चाक उतरवून खळग्यात रंग आहे का ते पाहावे.

पहिला महिनाभर रिम फक्त साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने धुवावी, आणि धुलाई केंद्रावर गाडी दिली तर चाकांवर आम्लयुक्त रसायन मारू नये असे स्पष्ट सांगावे. दगडाने टवका उडाला तर त्याच आठवड्यात ती जागा ४०० च्या कागदाने हलकी घासून, द्रावणाने पुसून, बारीक ब्रशने प्रायमर, रंग आणि क्लिअर यांचा एकेक ठिपका लावावा. पावसाळ्यापर्यंत ठेवल्यास पाणी क्रोमच्या कडेखाली शिरते आणि मग त्या जागी टप्पा ३ पासून काम करावे लागते.